आल्प डू झ्विफ्ट : २१ वळणांचा वजनकाटा

१८ ऑगस्ट २०२४ रोजी महिलांच्या टूर द फ्रान्सचा आठवा आणि शेवटचा टप्पा आल्प द्युएझवर संपला, तेव्हा एकूण क्रमवारीत पहिली आणि दुसरी यांच्यात फक्त ४ सेकंदांचं अंतर होतं. हिशेब शाळकरी आहे. सकाळी ले ग्राँ-बोर्नांहून निघताना डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्या, कासिया निएव्हियादोमाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. टप्पा व्होलरिंगनं जिंकला, कासिया चौथी आली, १ मिनिट १ सेकंद उशिरा. विजेतीला १० सेकंदांचा बोनस. ७५ मधून ६१ गेले, मग १० गेले, उरले ४. या स्पर्धेचा इतका चुरशीचा शेवट त्याआधी झाला नव्हता, आणि तो झाला सायकलिंगच्या जगातल्या सर्वांत प्रसिद्ध घाटावर.

या स्पर्धेच्या नावातच प्रायोजक आहे : झ्विफ्ट. घरात ट्रेनरवर, म्हणजे पेडलला प्रतिकार देणाऱ्या यंत्रावर, सायकल लावून पडद्यावरच्या रस्त्यावर चालवायचं ॲप. आणि याच झ्विफ्टनं २०१८ मध्ये आपल्या वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर आल्प द्युएझची प्रतिकृती उभी केली, तिचं नाव आल्प डू झ्विफ्ट. पावसाळ्यात पुण्या-नाशकातले, ठाण्यातले बरेच सायकलवाले या चढावर घाम गाळतात आणि ‘आल्प केला’ म्हणून सांगतात. तो किती केला आणि काय केलं नाही, हे तपासण्यासाठी हे परीक्षण. मापाला घेतलाय तोच २०२४ चा टप्पा.

आधी चढाची मापं. झ्विफ्टवरचा चढ १२.२ किमीचा, उंची १०३६ मीटर, सरासरी चढण ८.५ टक्के. खऱ्या रस्त्याच्या जीपीएस नोंदींवरून तो बेतलेला आहे, आणि इथे कंपनीला पैकीच्या पैकी गुण. टूरच्या कागदांवर मात्र आल्प द्युएझ १३.८ किमी आणि ८.१ टक्के असा लिहिलेला असतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. टूरची शेवटची रेघ गावाच्या आणखी आत असते आणि तो वरचा दीड किमी बराच सौम्य आहे, म्हणून अंतर वाढतं आणि सरासरी उतरते. म्हणजे ॲपमधला चढ जिथे संपतो तिथे व्होलरिंग आणि तिच्या चाकाला चिकटून आलेली पाउलिएना रोइयाकर्स यांची झटापट अजून संपलेली नव्हती. हा दीड किमी गाळल्याची तक्रार फारसं कुणी करत नाही. पण माथा आला असं वाटल्यावर पुन्हा गिअर वाढवून जोर लावणं हे वेगळं दुखणं आहे, आणि ते इथे वाट्याला येत नाही.

वळणं २१, आकडे उलटे : पायथ्याला २१, माथ्याला १. खऱ्या घाटात प्रत्येक वळणाच्या पाटीवर तिथे टप्पा जिंकलेल्यांची नावं आहेत, २१ व्या पाटीवर १९५२ चा पहिला विजेता फाउस्टो कॉपी. सातवं वळण डच प्रेक्षकांचं, नारिंगी कपड्यांचा आणि बिअरचा पूर. ॲपमध्ये नुसते आकडे आहेत, भोवती ज्वालामुखीच्या बेटाचं जंगल आणि वर गेल्यावर बर्फ. देखावा म्हणून ठीक, पण तासभर बघण्यासारखं त्यात फार काही नाही. खरं काम पडद्याच्या कडेच्या तक्त्याचं : प्रत्येक वळणापर्यंतचा तुकडा वेगळा मोजला जातो, त्या तुकड्याला लागलेला वेळ दिसतो. माझ्या मते अख्ख्या उत्पादनातली सर्वांत हुशार गोष्ट हीच. १२ किमीचा डोंगर डोक्यात मावत नाही, पण एका वळणाचा अडीच-तीन मिनिटांचा तुकडा मावतो.

आता जी सेटिंग बहुतेकांना माहीत नसते, आणि जिच्यामुळे ‘आल्प केला’ हे वाक्य अर्धवट ठरतं, तिच्याकडे. तिचं नाव ‘ट्रेनर डिफिकल्टी’. ॲप नवीन टाकलं की ती ५० टक्क्यांवर असते. याचा अर्थ पडद्यावर ८.५ टक्के चढण असली तरी ट्रेनर तुमच्या पायांना ४.२५ टक्क्यांची चढण देतो. इथे दोन गैरसमज पसरलेले आहेत. एक, ५० टक्के म्हणजे निम्मी मेहनत. तसं नाही. पडद्यावरच्या माणसाचा वेग ठरतो तुमच्या वॉटवरून, वजनावरून आणि खऱ्या ८.५ टक्क्यांवरून. एका तासात माथा गाठायला जितके वॉट १०० टक्के सेटिंगला लागतात तितकेच शून्यालाही लागतात. दुसरा गैरसमज असा, की मग या सेटिंगनं काहीच फरक पडत नाही. पडतो, आणि तो गिअरमध्ये पडतो.

आकड्यांत बघू. ७० किलोचा माणूस, ८ किलोची सायकल, चढ एका तासात. वेग ताशी १२.२ किमी, लागणारी ताकद सुमारे २४० वॉट. खऱ्या रस्त्यावर पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे २८ चा गिअर असेल तर पेडल मिनिटाला ८० वेळा फिरतात. छान चाललंय. पण सगळेच तासात चढत नाहीत. ९० मिनिटं लागणाऱ्याचा वेग ताशी ८.२ किमी. त्याच ३४-२८ वर त्याची लय, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ५३ वर येते, मागे ३२ असेल तर ६१, ३४ असेल तर ६५. ५३ च्या लयीनं दीड तास पेडल मारणं म्हणजे गुडघ्यांवर अत्याचार, आणि मांड्या फुफ्फुसांच्या आधी हार मानतात. आता तोच २४० वॉटवाला माणूस ५० टक्के सेटिंगवर बसवा : ट्रेनर त्याला ४.२५ टक्क्यांचा रस्ता देतो, चाक ताशी २० च्या आसपास फिरतं आणि तो ३४-१८ वर आरामात ८५ च्या लयीनं बसतो. मागचे मोठे दाते त्याला लागतच नाहीत. म्हणून मग तो फ्रान्सला जाताना ११-२५ ची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, घेऊन जातो, आणि पुलावरून डावीकडे वळून पहिल्या भिंतीला भिडल्यावर त्याला कळतं की गिअर संपले.

तेव्हा शिफारस सरळ आहे. नुसता व्यायाम हवा असेल तर ५० ठेवा, लाज वाटून घेऊ नका. खऱ्या डोंगराची तयारी असेल, मग तो आल्प्समधला असो की आपल्या सह्याद्रीतला, तर सेटिंग १०० वर न्या आणि तुमच्या सायकलवर खरोखर जी कॅसेट आहे तीच ट्रेनरवर चढवा. १०० वर लय ७० च्या खाली सरकत असेल तर मागे ३२ किंवा ३४ ची कॅसेट घ्यायची वेळ झाली. लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा) लागेल का ते आधी बघा. बऱ्याच जुन्या छोट्या पिंजऱ्याच्या डिरेलरना २८ च्या पुढे झेपत नाही, आणि साखळीही लांब लागते. ज्यांच्या ट्रेनरवर झ्विफ्टचा एकच दातेरी कॉग आणि २४ आभासी गिअर आहेत त्यांना हे दुखणं नाही, आणि त्यामुळेच त्यांना आपल्या खऱ्या गिअरचा अंदाजही येत नाही. सोय आहे, तयारी नाही.

ट्रेनरची स्वतःची मर्यादाही इथे उघडी पडते. टॅक्स फ्लक्स एस १० टक्क्यांपर्यंतची चढण देतो, वाहू किकर कोर १६ पर्यंत, टॅक्स निओ २५ पर्यंत. सुरुवातीच्या तुकड्यांत चढण १० च्या वर जाते, तेव्हा १०० टक्के सेटिंगवर स्वस्त ट्रेनर हात टेकतो. चाकाला घासणाऱ्या ट्रेनरवर तर टायर रोलरवर घसरायला लागतो आणि वॉटचा आकडा नाचतो. असा ट्रेनर असेल तर सेटिंग ६०-७० च्या पुढे नेण्यात अर्थ नाही. आणि एक बारीक गोष्ट : खऱ्या घाटात वळण म्हणजे विसावा, रस्ता जवळजवळ सपाट होतो. ॲपमध्येही वळणावर चढण उतरते, पण ट्रेनर ती पायांपर्यंत पोचवायला एखाद-दोन सेकंद घेतो. तोवर वळण मागे पडलेलं असतं. त्या विसाव्याच्या भरवशावर नियोजन करू नका.

वेळेचा अंदाज. वजनाच्या दर किलोमागे २ वॉट देणाऱ्याला सुमारे १०० मिनिटं लागतात, अडीचला ८०, ३ ला ६५ च्या आसपास, ४ ला ५०. तासाच्या आत यायला ३.२ ते ३.४ लागतात, वजन आणि आभासी सायकल कोणती यावर अवलंबून. तासाच्या आत चढणाऱ्याला ॲप बिल्ला देतं, आणि निम्म्या जगाचं तेच ध्येय असतं. बहुतेक प्रयत्न फसतात ते २१ आणि १८ या वळणांच्या दरम्यान. पाय ताजे, चढण तीव्र, वॉट आपोआप एफटीपीच्या, म्हणजे तासभर टिकणाऱ्या ताकदीच्या, ११० टक्क्यांवर. दहा मिनिटं मजा, आणि मग बारावं वळण येईपर्यंत हिशेब चुकता. पहिले चार तुकडे ९५ टक्क्यांवर धरा, मग एफटीपीवर या. जिथे चढण वाढते तिथे १०-१५ वॉट जास्त, जिथे कमी होते तिथे तितकेच परत. उरलं असेल ते पाचव्या वळणानंतर खर्च करा. ज्यांना ८०-९० मिनिटं लागणार त्यांनी एफटीपी विसरावी, ती तासाभराची ताकद आहे. ९० टक्क्यांच्या जवळ बसावं.

आता वजनकाट्याबद्दल, कारण शीर्षकात तेच आहे. किकर कोरची अचूकता कंपनीच्याच म्हणण्यानुसार अधिक-उणे २ टक्के, निओ २टीची १ टक्का. एका तासाच्या चढात २ टक्के ताकदीची चूक म्हणजे सुमारे ७० सेकंद. कासियानं त्या टप्प्यात गमावलेला अख्खा १ मिनिट १ सेकंद एका चांगल्या ट्रेनरच्या चुकीत मावतो आणि वर नऊ सेकंद उरतात! म्हणून दोन माणसांच्या, दोन ट्रेनरांवरच्या वेळांची तुलना करून भांडणं निरर्थक. तुमचीच मागची वेळ, त्याच ट्रेनरवरची, एवढीच तुलना धड आहे. तीसुद्धा काही पथ्यं पाळली तरच. दहा-पंधरा मिनिटं गरम केल्यावर स्पिनडाउन, म्हणजे ट्रेनरचं माप जुळवून घेणारी चाचणी, करा. थंड ट्रेनरवर केलेलं स्पिनडाउन चुकीचं असतं, कारण बेल्ट आणि बेअरिंग गरम झाल्यावर घर्षण बदलतं. निओला आणि नव्या किकरना त्याची गरज नाही, चाकाच्या ट्रेनरला दर वेळी आहे, आणि त्यात टायरची हवा दर वेळी तितकीच भरलेली हवी. वॉट मोजणारा पॉवर मीटर सायकलवरही असेल तर दोनांपैकी कुठला ॲपला जोडला आहे ते बघा. सोमवारी पेडलवरून आणि गुरुवारी ट्रेनरवरून घेतलेले आकडे एकाच वहीत लिहिण्यात अर्थ नाही.

वजन खरं भरा. ७० किलोच्या माणसानं प्रोफाइलमध्ये १ किलो कमी लिहिला तर या चढावर ४० सेकंदांच्या आसपास फुकट मिळतात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच दिवाळीनंतरची वजनं ॲपमध्ये कधी अपडेट होत नाहीत.

मध्येच काय बिघडतं, याची यादी मोठी आहे, पण मुख्य शत्रू तीन. पहिला सिग्नल तुटणं. सपाटीवर तीन सेकंद सिग्नल गेला तर पडद्यावरचा माणूस वेगाच्या जोरावर पुढे जात राहतो. ८.५ टक्क्यांवर तो जवळजवळ उभा राहतो, आणि घड्याळ चालूच. एएनटी प्लस या बिनतारी जोडणीचा डाँगल लॅपटॉपच्या मागे यूएसबी ३ च्या खाचेत खोचलेला असतो, ती खाच आणि शेजारची हार्ड डिस्क त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डाँगल ट्रेनरच्या पायाशी ठेवा, दहातल्या नऊ तक्रारी मिटतात. ब्लूटूथवर असाल तर फोनमधलं झ्विफ्ट किंवा ट्रेनरचं ॲप मागे चालू राहिलेलं नाही ना ते बघा. ट्रेनर आधी त्यालाच जोडला जातो आणि मग लॅपटॉपला सापडत नाही.

दुसरा शत्रू वीज. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा ट्रेनरचा हंगाम आणि वीज जाण्याचाही हंगाम. राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर असतात, ट्रेनर मात्र साध्या प्लगवर, असं घरोघरी असतं. वीज गेली की बहुतेक ट्रेनरांचा प्रतिकार नाहीसा होतो आणि जोरात दाबलेलं पेडल एकदम मोकळं सुटतं. उभं राहून चालवत असाल तर हे धोक्याचं आहे. ट्रेनरला लागणारी वीज पंख्यापेक्षा फार वेगळी नसते, त्यालाही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. नुसतं इंटरनेट गेलं तर चढ थांबत नाही, बाकीची माणसं गायब होतात आणि तुम्ही एकटे चढत राहता. ते काही वाईट नाही.

तिसरा उकाडा, आणि हाच सर्वांत जास्त वॉट खातो. ताशी १२ किमीनं खऱ्या घाटात जाताना अंगावर थोडी तरी हवा येते. खोलीत २४० वॉटचं काम करताना शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकत असतं आणि ती जाणार कुठे? छताचा पंखा निरुपयोगी. जमिनीवरचा मोठा पंखा समोरून छातीवर, दुसरा बाजूनं, आणि दोन्ही पहिल्या मिनिटापासून चालू. घाम फुटल्यावर लावतो म्हणणारा आठव्या वळणावर वॉट सोडतो. दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा मुंबई-कोकणात खिडकी उघडण्यापेक्षा एसी बरा. ७५० मिलीच्या दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर. टॉप ट्यूबवर आणि हँडलबारवर टॉवेल टाका. घाम हेडसेटच्या वरच्या झाकणातून आत उतरतो आणि स्टेमच्या बोल्टांना, बेअरिंगला गंज चढवतो, हँडलबारलाही खातो, आणि वर टेप असल्यानं ते महिनोन्महिने दिसत नाही. हंगाम संपल्यावर टेप काढून हँडलबार तपासणं हा या छंदाचा छुपा खर्च.

इथवर चढाचं झालं. पण २०२४ चा तो टप्पा म्हणजे नुसता आल्प द्युएझ नव्हता, आणि परीक्षणाचा खरा मुद्दा इथे येतो. टप्पा होता १४९.९ किमीचा. आल्पच्या आधी कॉल दु ग्लाँदों हा घाट : १९.७ किमी, सरासरी ७.२ टक्के, माथा १९२४ मीटरवर, म्हणजे आल्प द्युएझपेक्षाही उंच. व्होलरिंगनं हल्ला केला तो आल्पवर नाही, ग्लाँदोंवर, शेवटची रेघ ५० किमीहून जास्त लांब असताना. तिला दुसरा पर्यायच नव्हता. पाचव्या टप्प्यात आम्नेव्हीलजवळ ती पडली आणि पिवळी जर्सी गेली. त्याच दिवशी टप्पा तिचीच संघसहकारी ब्लांका व्हाश जिंकली, हा त्यातला आणखी एक काटा. सव्वा मिनिट एकट्या आल्पवर भरून काढणं अवघड, म्हणून लढाई अलीकडे आणली. तिच्याबरोबर टिकली फक्त रोइयाकर्स.

मग ग्लाँदोंचा लांब उतार, ज्यात मध्येच एक बोचरा चढ आहे, मग धरण, आणि मग आल्पच्या पायथ्याच्या बूर-द्वाझाँ गावापर्यंत दहा किमीच्या आसपास दरीतली सपाटी. या सपाटीनं टूर ठरवली असं मी म्हणेन. ताशी ४० किमीला जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते, आणि कुणाच्या चाकामागे बसलं तर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. मागच्या गटात कासियाला ल्यूसिंडा ब्रांडसारखी ओढणारी मिळाली. ती ओढत होती आपल्या संघातल्या गाया रेयालिनीसाठी, पण हवा काही संघ बघून फुटत नाही. पुढे दोघीच, आणि त्यातली एक क्रमवारीत प्रतिस्पर्धी. आल्पच्या पायथ्याला कासिया आवाक्यात राहिली ती या दरीमुळे. मग २१ वळणं ती आपल्या लयीनं चढली. शेवटी एविता म्युझिकनं तिला मागे टाकून तिसरं स्थान घेतलं, आणि त्याबरोबर तिसरीचे ४ बोनस सेकंदही. पिवळ्या जर्सीत आणि व्होलरिंगमध्ये उरलेही तितकेच, ४. रोइयाकर्स एकूणात १० सेकंदांनी तिसरी.

यातलं झ्विफ्टवर काय मिळतं? चढाच्या पायथ्याला तुम्ही जंगलातल्या कच्च्या रस्त्यावरून पाचेक किमी येता. ‘रोड टू स्काय’ नावाचा हा मार्ग एकूण साडेसतरा किमीच्या आत संपतो. म्हणजे ताज्या पायांनी आल्प. ड्राफ्ट, म्हणजे दुसऱ्याच्या मागे बसून ताकद वाचवणं, ॲपमध्ये आहे, पण ताशी १२ किमीला हवेचा वाटाच ७-८ वॉट, तिथे कुणाच्या मागे बसलं काय आणि नाही काय. उताराची गोष्ट तर सोडूनच द्या : माथ्यावरून मागे वळलात तर सायकल वळणं आपोआप घेते, ब्रेकची गरज नाही, एका वेगाच्या वर पेडल थांबवलं की पडद्यावरचा माणूस आपोआप वाकून बसतो. खाली येईपर्यंत चहा होतो. पुरुषांच्या टूरमध्ये १४ जुलै २०२२ ला टॉम पिडकॉकनं याच आल्प द्युएझचा टप्पा जिंकला त्याची सुरुवात गालिबिए घाटाच्या उतारावर झाली होती, ताशी १०० किमीपर्यंतच्या वेगानं वळणं कापत. ते कसब मोजणारं यंत्र झ्विफ्टकडे नाही. उंचीही नाही : खऱ्या माथ्याला १८५० मीटरवर हवा विरळ असते आणि तासाभराची ताकद काही टक्क्यांनी उतरते. झ्विफ्टवर घेतलेला तासाचा बिल्ला आल्प्समध्ये तासाला पुरत नाही त्याचं एक कारण हे.

मात्र टप्प्याची एक बाजू घरी उभी करता येते, आणि ती केल्याशिवाय या चढाची खरी किंमत वसूल होत नाही, असं माझं मत. थकलेल्या पायांनी चढा. आधी अर्ग मोडमध्ये, म्हणजे ट्रेनर ठरवलेले वॉट धरून ठेवतो त्या पद्धतीनं, ७० मिनिटं एफटीपीच्या ८० टक्क्यांवर, लय ७० ते ७५ : हा तुमचा ग्लाँदों. मग २० मिनिटं अगदी हलकं, ४० टक्क्यांवर, हा उतार. या वेळात खा, खऱ्या टप्प्यातही इथेच खातात. मग १५ मिनिटं ८५ टक्क्यांवर, लय ९० च्या वर, ही दरी. राइड सेव्ह करा, बाटल्या बदला, आणि पाच मिनिटांच्या आत ‘रोड टू स्काय’ उघडा. आता अर्ग मोड बंद, डिफिकल्टी १००. ताशी ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं सुरुवातीपासून हवीत, आल्पच्या पायथ्याला केळं खाऊन भागत नाही, ते पोचेपर्यंत दहावं वळण येतं. ताज्या पायांच्या वेळेत आणि या वेळेत जो फरक पडेल तो वहीत लिहा. ताज्या वेळेपेक्षा हा फरक कमी होणं ही घाटाच्या शर्यतीची खरी तयारी. पहिल्यांदा करताना ९५ टक्क्यांचा बेत सोडून ८८-९० नं सुरुवात करा, नाही तर वळण १३ वर सायकल पुसत बसाल.

आभासी सायकलींबद्दल थोडक्यात. इतक्या तीव्र चढावर हलकी चौकट आणि हलकी चाकंच चालतात, वाऱ्याला कापणारी जड चाकं नाहीत. सुरुवातीच्या सायकलीत आणि सर्वांत हलक्या जोडीत मिनिटाच्या आसपासचा फरक पडतो. माथ्यावर पोचलं की एक चक्र फिरतं आणि बक्षीस मिळतं, बहुधा थोडे गुण किंवा हातमोजे, क्वचित लाइटवेट मायलनश्टाइन चाकं, आणि चढासाठी ती सर्वोत्तमपैकी. म्हणजे हा चढ लवकर चढण्याचं साधन हा चढ पुन्हा पुन्हा चढूनच, आणि तेही नशिबानं. त्याहून गंमत निऑन चाकांच्या ‘ट्रॉन’ सायकलीची : ती मिळते ५०,००० मीटर चढल्यावर, म्हणजे ४८-४९ आल्प, आणि मिळाल्यावर कळतं की चढासाठी ती काही सर्वांत चांगली नाही.

दाराबद्दलही एक तक्रार होती. सुरुवातीला १२ व्या पातळीपर्यंत पोचल्याशिवाय हा रस्ता उघडतच नसे. नंतर ती अट सैल केली, हे चांगलं. अजून पातळी कमी पडत असेल तर या मार्गावरच्या एखाद्या सामूहिक राइडमध्ये नाव नोंदवा, तिथे अडवत नाहीत.

खर्च. २०२४ मध्ये महिन्याचा दर १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलरवर गेला. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा आकार वेगळा, आणि परदेशी वर्गणी आपोआप वळती होण्यासाठी बँकेत ई-मँडेट लागतं. ते नसेल तर दुसऱ्या महिन्यात पैसे नाकारले जातात आणि रविवारी सकाळी पंखे लावून बसल्यावर खातं बंद दिसतं. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसासाठी वर्षाची वर्गणी घेणं मला पटत नाही. जूनमध्ये सुरू करा, दसऱ्याला बंद करा. फक्त हा एकच चढ हवा असेल आणि खऱ्या रस्त्याचं चित्रण बघत चढायचं असेल तर रूवी हे ॲप बघा, तिथे बूर-द्वाझाँची घरं आणि पाट्या दिसतात, पण वळणागणिक वेळ मोजण्याचं झ्विफ्टचं ते कोष्टक आणि आजूबाजूला चढणारी गर्दी तिथे तशी नाही.

पाचपैकी चार देईन, ट्रेनरवर खरी कॅसेट आणि समोर दोन पंखे असतील तर. ५० टक्के सेटिंग, छताचा पंखा आणि दोन वर्षांपूर्वीचं वजन असेल तर अडीच.